मदत हवी आहे: साय न घालता दाटसर टोमॅटो सूप, तेही घरातल्या डब्यांतून (पाहुणा व्हीगन आहे)

रिकामा_डबा:

नमस्कार मंडळी. पाककृती विभागात पहिल्यांदाच लिहितोय, आजवर नुसतं वाचून लाळ गाळली.

सौ. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलीये, मी इथे इंदिरानगरला एकटा. वरणभात, खिचडी, अंडाबुर्जी आणि टोमॅटो सूप एवढं मला येतं. परवा भाचा राहायला आला, अंबडला आठवडाभर काम आहे त्याचं. वर्षभरापासून तो व्हीगन झालाय. दूध, दही, तूप, लोणी, अंडी, मध, सगळं बंद. चहासुद्धा कोरा. "मामा, माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस" म्हणतो, पण निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की आमच्याकडे रात्री सूप होतंच.

आणि माझ्या सूपाची सगळी करामत सायीत आहे. वाटीभर साय फेटून घातली की कुणी नाव ठेवत नाही. साय काढली तर उरतं टोमॅटोचं सार. सार मलाही आवडतं, पण ते सूप म्हणून कुणाच्या गळ्यात मारणार नाही.

काल नारळाच्या दुधाचं खोकं आणून ओतलं आणि चांगलं खळखळून उकळलं. फाटलं. वर पांढऱ्या गुठळ्या, खाली लाल पाणी, चव गरम केलेल्या सोलकढीची. भाच्याने मुकाट संपवलं. ताईने वळण चांगलं लावलंय.

आता बदामाचं दूध वगैरे आणायचं नाहीये. सौ. बजावून गेलीये, "आधी घरातलं संपवा." डबे उघडून पाहिले: मसूर डाळ, तूरडाळ, कच्चे शेंगदाणे, नागलीचं पीठ, ओट्सचं अर्धं पाकीट, थोडे पांढरे तीळ, कॉर्नफ्लोर. कांदे, बटाटे, लसूण आहेतच. काजू होते, ते दिवाळीनंतर येताजाता मीच संपवले. शिवाय एका डब्यात पांढरं, गोल, रव्यापेक्षा जाड असं काहीतरी आहे. डब्यांवर नावं नाहीत. (खसखस नाही, चावून पाहिलं.)

यातून सायीसारखं काही जमेल का? कॉर्नफ्लोर घालून पाहिलंय. दाट होतं, पण हॉटेलातल्या मांचाव सूपासारखं बुळबुळीत लागतं.

दुप्पट_खाशी:

अहो ती भगर आहे! नाशिकला राहून भगर ओळखता येत नाही? दर एकादशीला ताटात काय असतं मग?

रिकामा_डबा:

शिजलेली ओळखतो हो. कच्ची कधी पाहिली नव्हती. मान खाली घातली आहे.

सिडकोकर:

वहिनींना हा धागा दाखवू नका. हलके घ्या.

द्राक्षवेल:

दादा, तुमचं उत्तर त्याच डब्यात आहे. आधी काय चुकलं ते सांगते.

दाटपणा वेगळा आणि सायीचा मऊपणा वेगळा. कॉर्नफ्लोर नुसता दाटपणा देतं, कारण तो निव्वळ स्टार्च. साय जिभेवर मऊ लागते ती त्यातल्या स्निग्धांशामुळे, त्याचे अगदी बारीक थेंब पाण्यात पसरलेले असतात म्हणून. म्हणजे तुम्हाला थोडा स्टार्च हवा, थोडं तेल असलेलं बी हवं, आणि दोन्ही गंधासारखं वाटलेलं हवं. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो, पण टोमॅटोचा आंबटपणा आणि खळखळती उकळी एकत्र आली की त्यातली प्रथिनं गोळा होतात आणि ते फाटतं. ते गॅस बंद केल्यावर घालायचं असतं, तेही आधी वाटीत थोड्या गरम सूपात कालवून.

आता विचार करा, एकादशीला भगरीवर आपण काय ओततो? दाण्याची आमटी. तुपाऐवजी तेलाची फोडणी दिली की ती पूर्ण व्हीगन. दाटसर, गुळगुळीत, थेंबभर दूध नाही. तुम्हाला फक्त भगर आणि दाणे ताटातून उचलून कुकरात टाकायचेत.

चौघांसाठी: अर्धा किलो टोमॅटो, एक मोठा कांदा, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, पोह्याचे दोन चमचे भगर, तेवढेच शेंगदाणे. दाणे भाजू नका, भाजले तर कुटाचा वास सगळ्यावर मात करतो. कडकडीत पाण्यात अर्धा तास भिजवा, सालं बोटाने निघतात. भगर मात्र कोरडीच दोन मिनिटं परता, चिकट होत नाही. कुकरात चमचाभर तेलावर कांदा-लसूण परता, कांदा गुलाबी झाला की पुरे, लाल करू नका. टोमॅटो, भगर, दाणे, अडीच वाट्या पाणी, मीठ. तीन शिट्ट्या. थंड झालं की मिक्सरमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा, कंटाळा करू नका. मधेच झाकणाच्या भोकातून चमचाभर तेल बारीक धारेने सोडा. लाल रंग केशरी होताना दिसेल. तेलाचे थेंब बारीक होऊन मिसळले की रंग असा फिकटतो, तीच खूण. मग गाळा, टोमॅटोची सालं आणि बिया चाळणीत राहतील. परत एक उकळी, मिरपूड, आंबट वाटलं तर गुळाचा खडा.

बटाटा घालायचा मोह होईल. घालाच म्हणत असाल तर छोटा एकच, आणि तो मिक्सरमध्ये नको, चमच्याने चेचून नंतर मिसळा. उकडलेला बटाटा फिरवला की त्याची खळ होते, पतंगाच्या मांज्याला लावायची.

शिट्टी_झाली:

द्राक्षवेलताई, +१. फक्त दादांनी भाच्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना, हे आधी विचारा. असेल तर दाण्यांऐवजी पांढरे तीळ एक चमचा, न भाजता. जास्त झाले तर कडवट लागतात.

वाळवंटी_उंट:

दुबईत अकरा वर्षं काढली, तिथे प्रत्येक खानावळीत मसुरीचं सूप मिळायचं, शोरबत अदस. लाल मसूर, कांदा, गाजर, जिरेपूड, सगळं शिजवून फिरवायचं आणि वरून लिंबू. दूध नाही, साय नाही, तरी इतकं मऊ की पोळी बुडवून खावी. मसूर सूपासाठी तूरडाळीपेक्षा बरी, लवकर विरघळते. एकच लक्षात ठेवा, डाळ आणि टोमॅटो एकत्र शिजवू नका. आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही, बोअरच्या जड पाण्यात तर आणखी वेळ घेते.

सिडकोकर:

म्हणजे वरणच.

वाळवंटी_उंट:

वरणच. पण वाडग्यात दिलं, लिंबाची फोड ठेवली आणि बिल लावलं की सूप.

दुप्पट_खाशी:

सूपासोबत ब्रेड देणार असाल तर पाकीट वाचून घ्या, बऱ्याच ब्रेडमध्ये दूध पावडर असते. सूपाच्या तयार पुड्यांचंही तेच. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध चालतं. व्हीगनची खूण वेगळी आहे, हिरव्या रंगातलं इंग्रजी व्ही आणि त्याला पान. त्याचे नियम २०२२ मध्ये आले. माझ्या मुलीच्या मैत्रिणीने हे शिकवलं, नाहीतर मीही ठिपका बघूनच वाढलं असतं.

रिकामा_डबा:

सगळ्यांचे आभार. काल रात्री द्राक्षवेलताईंचं सूप केलं. भाच्याला दाणे चालतात, विचारून घेतलं.

आधी वाईट बातमी. "थंड झालं की" हे शब्द मी वाचले होते. पण साडेनऊ वाजलेले, थंडी, भूक. कुकर उघडला आणि गरमच ओतलं, भांडं काठोकाठ भरून. बटण फिरवताच वाफेने झाकण उडालं आणि सूप ओट्यावर, भिंतीवर, माझ्या स्वेटरवर. हात थोडक्यात वाचला. वरच्या कप्प्यातल्या गणपतीच्या कॅलेंडरवरही एक केशरी ओघळ आहे, तो सौ. येईपर्यंत कसा काढायचा हा वेगळा धागा होईल.

उरलेलं निम्मं पंधरा मिनिटं थांबून, दोन खेपांत फिरवलं. तेल सोडल्यावर रंग खरंच बदलला! गाळलं, मिरपूड घातली. दाण्याची चव अशी कळत नव्हती, मागून किंचित जाणवत होती. सायीच्या सूपाइतकं जड नाही, पण सार तर मुळीच नाही. भाचा दोन वाट्या प्यायला, आणि तिसऱ्यांदा पातेल्यात डोकावला तेव्हा तळाशी काही नव्हतं. भिंतीवर होतं.

शंका एक राहिली. वाटीभर बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवलं होतं, सकाळी त्याची वडी झालीये. सुरीने कापता येईल. बिघडलं का?

द्राक्षवेल:

बिघडलं नाही. भगरीचा स्टार्च गार झाला की घट्ट बसतो, शिळी भगर नाही का थापून बसते? अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर ढवळा, पुन्हा वाहतं होईल. मीठ मात्र चाखून पाहा, पाण्याने कमी पडतं. आणि पुढच्या वेळी भगर दीड चमचाच घ्या, जोडीला दाणे अर्धा चमचा वाढवा.

कॅलेंडरवर ओला फडका फिरवू नका, रंग पसरेल. सरळ पुढचा महिना लावून टाका.