मदत हवी आहे: पुण्याजवळ मोठे पतंग (मॉथ) नक्की कुठे दिसतात?

पाऊसवेडा: ताम्हिणीकडे दोनदा जाऊन आलो. रात्री पांढरी चादर बांधून तिच्यावर दिवा सोडला, सगळं केलं. पंखवाल्या वाळव्यांचा नुसता खच पडला, मोठा पतंग एकही नाही. मला मून मॉथचा फोटो हवाय, फिकट पोपटी, लांब शेपट्यांचा. नक्की जागा सांगा. "नशिबात असेल तर दिसेल" असं कृपया लिहू नका.

रानजाई: दिवा कोणता? चादर कुठे बांधली? किती वाजेपर्यंत थांबलात? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

पाऊसवेडा: पन्नास वॉटचा एलईडी, लख्ख उजेड पडतो. होमस्टेच्या गच्चीवर बांधली होती. साडेदहाला आवरलं. दुसऱ्यांदा गेलो तो परवाचा शनिवार.

रानजाई: म्हणजे गुरुपौर्णिमेनंतर दोनच दिवसांनी! चांदणं असलं की चादरीवर गर्दी कमी होते. आणि साडेदहाला आवरलंत म्हणजे पाहुणे यायच्या आधीच पंगत उठवलीत. मून मॉथ मला नेहमी मध्यरात्रीनंतरच भेटलाय.

उंबर: मुख्य घोळ दिव्याचा आहे. आपल्याला लख्ख दिसतं ते पतंगाला दिसतंच असं नाही. त्यांना अतिनील किरण लागतात, ते साध्या एलईडीत जवळपास नसतात. मर्क्युरीचा दिवा किंवा यूव्ही ट्यूब आणा.

भोरकर काका: एवढा खटाटोप कशाला? सोसायटीतली कण्हेर आणि तगर बघा. हिरवी, बोटाएवढी जाड अळी, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके. पाला आणि कुंडी देऊन वाढवा, हिरवा-गुलाबी हॉक मॉथ घरबसल्या मिळेल.

पाऊसवेडा: काका, मला मून मॉथच हवाय.

सुगरण: पतंग लोकरी कपड्यांना लागत असतील तर कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. कपडे आधी उन्हात घाला.

कातळ: मी ऐनाच्या झाडावरून टसर रेशमाच्या पतंगाचा कोष आणला होता. कोंबडीच्या अंड्यासारखा टणक, देठाने फांदीला कडं घालून लटकलेला. मादी निघाली. रात्री जाळीच्या पिंजऱ्यात खिडकीत ठेवली तर पहाटेपर्यंत बाहेर तीन नर! पंखावरच्या डोळ्यासारख्या ठिपक्याच्या मधोमध काचेसारखी खिडकी असते. नर पडद्यावर बसला तेव्हा त्या खिडकीतून कापडाची वीण दिसत होती. पाऊसवेडा, तुम्हीही कोष शोधा.

रानजाई: कृपया असं सुचवू नका. टसर, मून मॉथ अशा मोठ्या पतंगांना कोषातून बाहेर आल्यावर खायला तोंडच नसतं. जेमतेम आठवडाभराचं आयुष्य, त्यात जोडीदार शोधून अंडी घालायची. त्यातल्या दोन रात्री आपल्या खिडकीत का काढायला लावायच्या?

कातळ: अंडी घातली, अळ्या परत ऐनावरच सोडल्या. तुमच्या चादरीवर रात्रभर अडकतात ते चालतं?

रानजाई: म्हणूनच मी दर तासाला दिवा पंधरा मिनिटं बंद करते. आणि उजाडायच्या आत चादर झटकून झुडपात सोडते, नाहीतर सकाळी दयाळ आणि बुलबुल ताव मारतात.

उंबर: वाद नंतर. जागा हवी असेल तर मोईची झाडं जिथे जास्त तिथे बघा, मून मॉथच्या अळ्या ती पानं खातात. अभयारण्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय शिरू नका, हद्दीबाहेर खाजगी जागेत राहा. पहाटे घाटातल्या चहाच्या टपऱ्यांच्या भिंतीही बघा. रात्रभर ट्यूब चालू असते, त्याखाली हमखास काहीतरी बसलेलं असतं.

एक_प्रवासी: शनिवारी ताम्हिणीत गाडी हलत नाही. मुळशीपासूनच रांग असते. शनिवार टाळा.

पाऊसवेडा: मॅक्रो लेन्स नाही, घ्यावी का?

उंबर: गरज नाही. पंखांचा पसारा वीतभर असतो, किट लेन्समध्ये आरामात मावतो. फ्लॅशवर पातळ पांढरं कापड लावा, नाहीतर पोपटी रंग पांढराफटक येतो.

रानजाई: दिव्याच्या अवसेला जा, आठ-दहा दिवसच राहिलेत. मात्र त्या रात्री गटारीची गर्दी असते, म्हणून एक दिवस आधी किंवा नंतर. गच्चीचं तोंड कुठे आहे?

पाऊसवेडा: रस्त्याकडे. मागे दरी आणि झाडी आहे, पण तिकडे वीज नाही.

रानजाई: मग चादर मागेच बांधा, दरीकडे तोंड करून. रस्त्याकडच्या उजेडात ती कोणाला दिसणार?

पाऊसवेडा: तीस मीटर वायर लागेल. आणतो. मोईचं झाड ओळखायचं कसं?

उंबर: पानांचा आणि खोडाचा फोटो टाका, सांगतो. वायरीचा जोड पावसात उघडा ठेवू नका.