‘पोंतिफेक्स माक्सिमुस’ : सम्राटांचा वारसा की नुसता शब्द?

जुनी पाने
‘रोमन सम्राट ग्रेशियनने आपले महापुरोहितपद पोप दमाससच्या स्वाधीन केले, तेव्हापासून पोप हे मूर्तिपूजक रोमचेच महापुरोहित आहेत’, असे तिबरकाठ यांनी परवा ठणकावून लिहिले. हे महापुरोहितपद म्हणजेच ‘पोंतिफेक्स माक्सिमुस’, जी पदवी पोपच्या नावापुढेही दिसते. हे विधान इतक्या ठिकाणी वाचले आहे की आता गप्प बसवत नाही. पुरोहितांनी आणलेले पदाचे वस्त्र ख्रिस्ती माणसाला शोभत नाही म्हणून ग्रेशियनने नाकारले, ही हकीकत इतिहासकार झोसिमसची आहे. तो स्वतः ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक होता. ते वस्त्र दमाससकडे गेले असते, तर हे सांगण्याची संधी त्याने खचितच सोडली नसती. इ. स. 380 च्या थेसलोनिकाच्या शाही फर्मानात दमाससला ‘पोंतिफेक्स’ म्हटले आहे, पण पुढे ‘माक्सिमुस’ नाही. लॅटिन बायबलमध्ये हाच शब्द यरुशलेमच्या महायाजकासाठी येतो. बिशपांसाठी तो रूढ झाला यामागे सम्राटाच्या वस्त्रापेक्षा हे वाचन अधिक असावे.

तिबरकाठ
आपण सोयीचे तेवढे सांगता. कॉन्स्टंटाइन आणि त्याचे ख्रिस्ती वारस हे पद कित्येक दशके मिरवत होते, त्या काळात ते कोणाला शोभत नव्हते? दुसरे असे की, मी सेंट पीटरच्या चौकात उभा राहून चर्चच्या दर्शनी भागावरील पोप पाचव्या पॉलचे नाव आणि त्यापुढचे ‘PONT MAX’, म्हणजे पोंतिफेक्स माक्सिमुस, स्वतः वाचले आहे. माझ्या डोळ्यांपेक्षा आपले झोसिमस मोठे नाहीत. ज्युलियस सीझर इ. स. पू. 63 मध्ये या पदावर निवडून आला आणि पुढे त्याने पंचांग सुधारले; 1582 मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला. काळावर हुकूम चालवणारे पद एकच नव्हे काय?

भिक्षुकपुत्र
मुळात शब्दाचा अर्थ कोणी पाहतच नाही. पोंतिफेक्स म्हणजे पूल करणारा; त्यातला लॅटिन ‘पोंस’ म्हणजे पूल आणि आपला ‘पन्था’ म्हणजे वाट, हे सख्खे भाऊ आहेत. ऋग्वेदातील यमसूक्तात पूर्वज ऋषींना ‘पथिकृद्भ्यः’, म्हणजे वाट करून देणाऱ्यांना, म्हणून नमस्कार केला आहे. पथिकृत् म्हणजेच पोंतिफेक्स. रोमचे पुरोहितपद आपल्याकडूनच गेले, हे मान्य करायला एवढे जड का जाते?

जुनी पाने
भाऊ आहेत म्हणताना बाप कोण ते आपणच ठरवून टाकले! दोन भाषांना समान पूर्वज असणे वेगळे आणि एकीने दुसरीला शब्द देणे वेगळे. शिवाय पुलाचा अर्थ रोममध्येही निर्विवाद नव्हता. सुब्लिकियुस हा पूल पुरोहितांनी बांधला आणि वेळोवेळी दुरुस्त केला म्हणून रोमन विद्वान वारोने तो अर्थ पत्करला. पण स्वतः पोंतिफेक्स माक्सिमुस असलेल्या क्विंतुस स्काएवोलाचे मत तोच नोंदवतो की, शब्द ‘समर्थ असणे’ आणि ‘करणे’ यांतून आला. ज्याला आपल्याच पदाचा अर्थ पूल वाटत नव्हता, त्याला पथिकृत् कोठून सुचणार?

भिक्षुकपुत्र
हिणवू नका. वडिलांनी चाळीस वर्षे स्मशानात हे सूक्त म्हटले आणि त्यांच्या चितेसमोर ते मी म्हटले. मेलेल्याला वाट करून देणारा तो पुरोहित, हे मला कोशातून शिकावे लागले नाही. रोमहून भारताकडे की भारतातून रोमकडे, हा वाद तुम्ही घाला. अर्थ मात्र स्काएवोलापेक्षा माझ्या वडिलांना अधिक कळला होता.

वसईकर
वडिलांविषयी आदर आहे, परंतु चर्चा पोपच्या पदवीची चालली होती. आमच्या घरी तीन पिढ्यांत कोणी ‘पोंतिफेक्स’ म्हटल्याचे मला आठवत नाही. आजीसाठी पोप हे पोपच होते. व्हॅटिकनच्या वार्षिक ग्रंथातील पदव्यांतही ‘सुम्मुस पोंतिफेक्स’ (सर्वोच्च पोंतिफेक्स) आहे, ‘माक्सिमुस’ नाही. तिबरकाठ यांनी पाहिलेला कोरीव लेख 1612 चा आहे, आणि ‘PONT MAX’ असे कोरण्याची चाल पंधराव्या शतकात, प्राचीन रोमचे वेड लागल्यावर बळावली. त्याआधी ख्रिस्ती लेखक तर्तुलियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी एका बिशपला ‘पोंतिफेक्स माक्सिमुस’ म्हटले होते, पण ते चक्क टोमणा मारण्यासाठी. वारसा म्हणावा तर तो टोमण्याचाच.

तिबरकाठ
ठीक आहे, दमाससच्या स्वाधीन वस्त्र झाल्याचा लेखी पुरावा माझ्यापाशी नाही. आपणा विद्वानांच्या समाधानासाठी ते विधान मागे घेतो. मात्र ज्यांनी हजार वर्षांनी ती अक्षरे कोरली, त्यांना ती कोणाची होती हे पक्के ठाऊक होते, आणि त्यांनी ती मुद्दाम निवडली. नाकारलेले वस्त्र पुन्हा अंगावर चढवणे याला वारसा म्हणायचे की हौस, ते वसईकरांनी सांगावे.

वसईकर
हौस. आणि ती फार महागडी होती, हे मी आपल्याआधी मान्य करतो.