टायबीचा हरवलेला अणुबाँब: कुणाचा कागद खरा?

दौलतगंजकर:
मंडळी, एक शंका. गणपतीत आमच्या मंडळात मला बोलायचंय. विषय मीच निवडला, विमान अपघातांत हरवलेले अणुबाँब, आणि आता पस्तावतोय. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टायबी बेटाजवळ पडलेल्या बाँबबद्दल अमेरिकन हवाई दल म्हणतं अणुस्फोट शक्यच नाही, यूट्यूबवाले म्हणतात शेजारचं सव्हाना शहर उडेल. दोघेही कागद दाखवतात. मानायचं कुणाचं?

जुना_वेपनफिटर:
बाळा, माझी नोकरी विमानांना बाँब लावण्यातच गेली, त्यातली काही वर्षं इथे ग्वाल्हेरला, महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर. अणुबाँब कधी पाहिला नाही, आमचे साधेच. पण स्टोअरमधून बाँब निघताना कागद कसा निघतो ते ठाऊक आहे, आणि टायबीचा सगळा तंटा कागदाचाच आहे.

५ फेब्रुवारी १९५८. रात्रीच्या सरावात एफ-८६ लढाऊ विमान बी-४७ बाँबरवर आदळलं. बाँबरचा पायलट हॉवर्ड रिचर्डसन. पोटात मार्क १५ जातीचा अणुबाँब, वजन सुमारे ३४०० किलो. मोडक्या विमानाने तो घेऊन उतरणं धोक्याचं, म्हणून परवानगी घेऊन समुद्रात सोडला आणि सव्हानाला सुखरूप उतरला. एप्रिलपर्यंत शोध चालला, मग नाद सोडला.

आता कागद. या बाँबची अणुस्फोट घडवणारी कॅप्सूल वेगळी असते, आयत्या वेळी बसवायची. बाँब ताब्यात घेताना पायलटने सही केलेल्या पावतीत कॅप्सूल नकली असल्याची नोंद आहे. उलट १९६६ मध्ये संरक्षण खात्याच्या डब्ल्यू. जे. हॉवर्ड यांनी संसदीय समितीला लिहिलेल्या पत्रातल्या हरवलेल्या बाँबच्या यादीत हाच बाँब ‘पूर्ण’, म्हणजे कॅप्सूलसकट, धरलाय. ते पत्र १९९४ मध्ये खुलं झालं आणि संशयवाल्यांची दिवाळी झाली. आपलं लिहिताना चुकलं, असं हॉवर्ड यांनी नंतर सांगितलं, पण ते ऐकतो कोण!

मला विचारशील तर पावती. माल घेणाऱ्याने त्या क्षणी केलेली सही एकीकडे, आणि आठ वर्षांनी दिल्लीसारख्या ठिकाणी बसून साहेबाने उतरवलेली यादी दुसरीकडे. यादीवरून यादी उतरवण्यात काय काय होतं, ते नोकरी केलेल्याला सांगायला नको.

तरी काळजीचं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. युरेनियम आणि जवळजवळ १८० किलो साधी स्फोटकं चिखलात आहेतच.

मृदुला_मुरार:
काका, २००४ मध्ये एका निवृत्त अधिकाऱ्याला तिथे किरणोत्सर्ग सापडला होता ना? आणि आपल्या नंदादेवीचं काय?

जुना_वेपनफिटर:
ते डेरेक ड्यूक. पुढच्या वर्षी हवाई दलाचा अहवाल आला, किरणोत्सर्ग वाळूतल्या मोनाझाइट या नैसर्गिक खनिजाचा. केरळच्या किनाऱ्यावर तेच मोनाझाइट आहे, तिथे कुणी बाँब टाकला नव्हता. नंदादेवीवर १९६५ मध्ये राहिलं ते प्लुटोनियमवर चालणारं वीजयंत्र. बाँब नाही, विमानातून पडलेलंही नाही. दौलतगंजकर, ते भाषणात काढू नकोस, लोक तिथेच अडकतील.

त्यापेक्षा गोल्ड्सबरो घे. नॉर्थ कॅरोलायना, जानेवारी १९६१. बी-५२ बाँबर हवेतच तुटलं, दोन मार्क ३९ अणुबाँब खाली आले. विमान तुटताना बाँबच्या सुरक्षेच्या पिना ओढल्या गेल्या, म्हणजे बाँबच्या लेखी त्याला मुद्दामच सोडलेलं! एकाचं पॅराशूट उघडलं, आतली यंत्रणा एकेक पायरी पुढे सरकली, जमिनीवर आदळताच स्फोटाचा इशाराही सुटला. बाँब सज्ज करणारा आर्म-सेफ स्विच तेवढा ‘सेफ’वर होता. अमेरिकेच्या अण्वस्त्रांवर काम करणाऱ्या सँडिया प्रयोगशाळेच्या पार्कर जोन्स यांनी १९६९ मध्ये हे लिहून ठेवलं, लोकांपुढे आलं २०१३ मध्ये. इथे घाबरवणारेच खऱ्याच्या जास्त जवळ निघाले. पिना उपसल्यावर बाँब काय करतो हे माहीत असलेल्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही.

दुसरा बाँब शेतात खोल घुसला. खड्ड्यात पाणी भरत राहिलं, युरेनियमचा एक भाग निघालाच नाही. हवाई दलाने तिथे खणायला मनाई करण्याचा हक्क विकत घेतला. वरची जमीन शेतकऱ्याचीच राहिली.

नाना_लष्करवाले:
टिकॉन्डेरोगा राहिलं. ५ डिसेंबर १९६५, या विमानवाहू जहाजावरून ए-४ स्कायहॉक समुद्रात घरंगळलं. पायलट, विमान, बी-४३ अणुबाँब, सगळंच सुमारे ४९०० मीटर खोल गेलं. बाँब होता यावर वाद नाही, वाद जागेचा. १९८१ च्या अमेरिकन सरकारी यादीत जमिनीपासून ५०० मैलांहून दूर असं लिहिलं होतं. १९८९ मध्ये उघड झालं की जपानची र्‍यूक्यू बेटं जेमतेम ८० मैलांवर होती.

जुना_वेपनफिटर:
बरोबर, नाना. आणि १९६६ च्या त्या पत्रात टायबीबरोबर दुसरा ‘पूर्ण’ बाँब धरलाय तो हाच. तेवढी नोंद मात्र मी मानतो.