मामाच्या गालातला पांढरा चट्टा, रक्ताची टेस्ट करू की बायोप्सी?

नंदनवनवाला

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहून राहिलो, सांभाळून घ्या. माझे मामा सक्करदऱ्याला राहतात, वय ५२. खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटलेला) वीसेक वर्षांपासून, दिवसाला पाच-सहा पुड्या, पानठेलावाला यांना दुरून पाहिलं की पन्नीत घोटायला घेतो एवढी ओळख. मागच्या दिवाळीपासून पाहतोय, पाणीपुरी आख्खी तोंडात जात नाही, मोडून खातात, आणि सावजीचा रस्सा वाटीने पिणारा माणूस आता वरणातली मिरचीसुद्धा काढून ठेवतो, म्हणे आग होते. परवा मामीने टॉर्च मारून पाहिलं तर डाव्या गालात, जिथे खर्रा दाबून ठेवतात बरोबर तिथेच, पांढरा चट्टा. बोटाने घासून निघत नाही.

आधी एका दवाखान्यात दाखवलं होतं, तिथे व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि गुळण्यांचं औषध देऊन दोन महिने घालवले, तोंडात नीट बोट घालूनसुद्धा पाहिलं नाही. आता मावसभावाने फॉरवर्ड पाठवलाय की एका रक्ताच्या टेस्टमध्ये बरेच कॅन्सर कळतात, १५ हजारांची आहे, घरी येऊन रक्त नेतात. मामा त्यालाच तयार आहेत कारण बायोप्सीचं नाव काढलं की म्हणतात, सुई लागली की पसरते. मग ही टेस्ट करून घ्यायची का? निगेटिव्ह आली तर बायोप्सी टळेल का?

दाढदुखी

मी डेंटिस्ट आहे, नागपुरातच. फोरमवर बसून निदान कोणी करू शकत नाही, मीही नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून गप्प बसवत नाही.

आधी घरी एक करा. मामांना त्यांचीच मधली तीन बोटं एकमेकांना चिकटवून, उभी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालायला सांगा. तीन गेली तर ठीक, दोनच गेली तर तोंड आखडलंय. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या नाजूक अस्तराखाली कोलाजेनचे धागे साचत जातात, गाल आतून कडक होतो, बोटाने चाचपलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. तिखटाची आग ही त्याची अगदी सुरुवातीची खूण, लोक तिला ॲसिडिटी समजून वर्षं काढतात. या सगळ्यांचा कॅन्सर होत नाही, पण काहींचा होतो, आणि वर घासून न निघणारा चट्टा असेल तर थांबायचं नसतं. तोंडातला कुठलाही चट्टा किंवा फोड दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर तो दाखवायचाच, आणि पांढऱ्यापेक्षा लाल जास्त वाईट, तेही लक्षात ठेवा.

बायोप्सी म्हणजे काय ते मामांना साध्या शब्दांत सांगा: दात काढताना देतात तीच भूल, तपासायला काढलेला छोटासा तुकडा, एखाद-दुसरा टाका, माणूस चालत घरी जातो. त्याने कॅन्सर पसरतो हे खरं नाही. पसरतो तो घरी बसून. मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय डेंटल कॉलेज आहे, सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, खर्च फार नाही. आणि रक्ताच्या टेस्टचे १५ हजार ठेवा बाजूला, पुढे लागले तर कामी येतील.

इतवारी_ते_बर्डी

कायले घाबरवून राहिले बाप्पा त्याले. माझा काका ७८ चा आहे, चाळीस वर्षं खर्रा खाऊन राहिला, टकाटक आहे. आजकाल रक्तात सगळंच कळते, विज्ञान लय पुढं गेलं, चिरफाड कायले पायजे?

कागदकिडा

इतवारीभाऊ, तुमचे काका दिसतात कारण ते आहेत, जे गेले ते चौकात दिसत नाहीत ना.

रक्ताच्या टेस्टबद्दल मी थोडं वाचलंय म्हणून लिहितो. थोतांड नाही ते. गाठीतल्या मेलेल्या पेशींचा डीएनए थोडाथोडा रक्तात येतो, त्यावरच्या मिथाइलेशनच्या, म्हणजे डीएनएला चिकटलेल्या रासायनिक खुणा वाचून कॅन्सर आहे का आणि कुठल्या अवयवातला, याचा अंदाज बांधतात. यातली जगात सगळ्यात जास्त अभ्यासलेली टेस्ट गॅलेरी, अमेरिकेतली, इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने १ लाख ४० हजार लोकांवर तिची ट्रायल घेतली. पण २०२१ साली छापून आलेले तिचेच आकडे बघा: चौथ्या स्टेजचे कॅन्सर १०० पैकी ९० सापडतात, तिसऱ्या स्टेजचे ७७, दुसऱ्या स्टेजचे ४० आणि पहिल्या स्टेजचे फक्त १७ च्या आसपास. म्हणजे जेव्हा पकडायला हवा तेव्हाच तो निसटतो. आणि मामांच्या बाबतीत तर प्रश्न कॅन्सरच्याही आधीच्या पायरीचा आहे, तिथे गाठच नाही तर रक्तात येणार काय? निगेटिव्ह रिपोर्ट आला की मामा तो फ्रेम करून लावतील आणि अजून एक वर्ष खर्रा खातील, खरी भीती मला ती वाटते. आपल्याकडे विकतात त्या टेस्ट आणखी वेगवेगळ्या आहेत, एकीचे आकडे दुसरीला लागू होत नाहीत.

पोटातल्या, स्वादुपिंडातल्या, आत लपलेल्या कॅन्सरसाठी अशा टेस्टची धडपड मला समजते. पण तोंड उघडं पडलेलं आहे हो! टॉर्च मारली की दिसतं, मामीला दिसलंच ना. तिरुवनंतपुरमला नेमकं हेच करून पाहिलं होतं, ३५ वर्षांवरचे साधारण १ लाख ९० हजार लोक, अर्ध्या भागांत प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघरी जाऊन उजेडात तोंड तपासायचे आणि संशय आला की डॉक्टरकडे पाठवायचे, बाकी अर्ध्यांत नेहमीसारखं. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. ना मशीन ना १५ हजार.

जामठा_अपडाऊन

माझ्या बाबांचं तोंडाचंच होतं, जिभेच्या कडेला. त्यांचा फोड चार महिने 'दात लागतो म्हणून' चालला, शेवटी खरंच तो दात काढला तरी फोड तिथेच, तेव्हा कुठे बायोप्सी. जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला चकरा मारून मारून वर्धा रोडचा एकेक खड्डा पाठ झाला म्हणून हे नाव घेतलं.

एक सांगतो, कारण आम्ही तेव्हा डॉक्टरांशी भांडलो होतो. गाठ जिभेला आणि हे म्हणाले मानेतल्या लसिकाग्रंथीही काढणार, आम्ही म्हटलं मानेत तर काहीच लागत नाही, उगाच मोठं ऑपरेशन करून राहिले. मग त्यांनी नीट बसवून सांगितलं की मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने हाच प्रश्न घेऊन ट्रायल केली होती, सुरुवातीच्या स्टेजचे पेशंट, एका गटात मान लगेच साफ केली, दुसऱ्या गटात मानेत गाठ आली तरच. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के जिवंत, दुसऱ्यात साडेसदुसष्ट. २०१५ मध्ये छापून आलं आणि जगभरात त्यावर उपचार बदलले. हे ऐकल्यावर बाबांनीच सही केली. खांदा आजही थोडा आखडतो, व्यायाम करावा लागतो, पण संत्री स्वतः सोलून खातात.

पैशाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि पहिल्याच दिवशी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, नंतर धावपळ फार होते.

संत्राबर्फी

आयआयटी मुंबईची ती कार-टी नावाची नवीन ट्रीटमेंट आली ना, ती नाही का चालत तोंडाच्या कॅन्सरला?

कागदकिडा

नाही, कार-टी म्हणजे पेशंटच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडणं; त्यांच्या नेक्सकार-१९ या ट्रीटमेंटला २०२३ मध्ये परवानगी मिळाली ती बी-सेलच्या (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) रक्ताच्या कॅन्सरसाठी. तोंडासाठी आपल्या कामाचं संशोधन दुसरंच आहे, पुन्हा टाटाचंच. निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध आहे, प्रतिकारशक्तीला लागलेला ब्रेक सोडवतं, पण नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, सामान्य माणसाचं घर विकलं जाईल. यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम द्यायचं ठरवलं, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या गोळ्या. पेशंट सगळे हाताबाहेर गेलेले, बरे होण्याची आशा नसलेले. नुसत्या गोळ्यांच्या गटात वर्षभराने १६ टक्के जिवंत होते, इंजेक्शनवाल्या गटात ४३. एवढ्याशा डोसवर! २०२३ चं आहे हे. मला तरी गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात डोकेबाज गोष्ट वाटते, नवीन काही शोधलं नाही, फक्त विचारलं की खरंच एवढं लागतं का. अर्थात मामांना यातलं काहीच लागू नये.

नंदनवनवाला

अपडेट देतो, सगळ्यांचे आभार. दोनच बोटं गेली. मामीने ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मामांना ॲक्टिव्हावर मागे बसवून डेंटल कॉलेजला नेलं, आम्हाला नंतर कळलं. बायोप्सीला दहा-पंधरा मिनिटं लागली म्हणे, मामा म्हणाले याच्यापेक्षा कटिंगला जास्त वेळ लागतो. रिपोर्ट आला, कॅन्सर नाही, पण मॉडरेट डिस्प्लेसिया लिहिलंय, पेशी बिघडायला लागल्यात असं डॉक्टरांनी सांगितलं, चट्टा काढून टाकणार आणि मग दर थोड्या महिन्यांनी तपासणी.

आता मामांचा नवीन प्रश्न, तंबाखू बंद केली तर नुसती भाजकी सुपारी चालते का? मला माहीत आहे उत्तर काय येणार, पण त्यांना दाखवायला हवंय.

दाढदुखी

नाही चालत मामा. तोंड आखडलं ते सुपारीनेच, तंबाखू तर वरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखूच्या शेजारी. गोड सुपारी, मसाला सुपारी, बडीशेपेत घातलेली, सगळी तीच. तोंड उघडायचा व्यायाम दिला असेल ना? तो नका सोडू.

नंदनवनवाला

दिलाय, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत एकावर एक रचायच्या. मामीने पन्नासचं पाकीट आणलंय. पहिल्या दिवशी १४ मावल्या, काल रात्री १५ वी घुसवली आणि मामांनी तसाच तोंडात काड्या घेऊन मला व्हिडिओ कॉल केला.