हायवे चौपदरी होतोय, मंगळवारी नकाशा घेऊन येणार आहेत. काय मागायचं आणि कसं?

वाडीतली सेविका

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात १९ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोकणातून घाटावर जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या गावाच्या मधूनच जातो. आत्ता दुपदरी आहे, तो चौपदरी होणार. पेपरात गट नंबरांची पानभर जाहिरात आली तेव्हा कळलं. आमच्या अंगणापुढचा सामाईक गट त्यात आहे. सातबाऱ्यावर २६ नावं, त्यातली २० माणसं मुंबईत.

मंगळवारी सल्लागारांची माणसं ग्रामपंचायतीत नकाशा दाखवायला आणि गावाच्या सूचना घ्यायला येणार आहेत.

रस्त्याच्या वरच्या अंगाला शाळा, देऊळ आणि तीन वाड्या. खालच्या अंगाला दोन वाड्या, माझी अंगणवाडी, भातखाचरं आणि नळपाणी योजनेची विहीर. म्हणजे सकाळी पोरं रस्ता ओलांडून वर जातात, गुरं खाली येतात, संध्याकाळी सगळं उलट. शिमग्यात पालखी देवळातून निघून रस्ता ओलांडते आणि सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या ओट्यावर, बसते. तेवढा वेळ दोन्हीकडच्या गाड्या थांबतात. कितीतरी ट्रकवाले खाली उतरून पाया पडतात. "मधी भिंत घातली तर देव कुठनं न्यायचा?" असं सासूबाईंनी मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

रस्ता नको असं माझं म्हणणं नाही. पण मागे रस्त्याचं काम निघालं होतं तेव्हाची बैठक मला आठवते. दोन तास सगळे मोबदल्यावरच बोलले. हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या आणि माणसं उठली. खालच्या वाडीची वाट रस्त्याच्या भरावाखाली गेली, ती कुणी बोललंच नव्हतं म्हणून. या वेळी तसं होऊ नये. बैठकीत बोललेलं कुठे लिहिलं जातं का? अर्ज कुणाच्या नावाने करायचा? माझ्यासारख्या बाईने उठून नेमकं काय मागायचं?

निवृत्त शाखा अभियंता

ताई, मी ३१ वर्षं रस्त्यांच्या कामावर होतो. तुमचा प्रश्न वाचून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे ध्यानात घ्या की मंगळवारची बैठक म्हणजे कायद्यातली पर्यावरणाची जनसुनावणी नव्हे. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, किमान ३० दिवस आधी जाहीर करावी लागते, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो आणि चित्रीकरण होतं. पण आहे तो राष्ट्रीय महामार्ग रुंद करायचा असेल, तर लांबी १०० किलोमीटरच्या वर आणि जादा जागाही ठरलेल्या रुंदीच्या वर लागत असेल तरच ती बंधनकारक आहे. २०१३ पासून हा नियम आहे. बरीच कामं या मर्यादेच्या आतच बसतात. त्यामुळे तुमच्या गावासाठी ही साधी बैठक हीच मोठी संधी आहे. ती वाया घालवू नका.

नकाशे दोन मागा. एक वरून दिसणारा, ज्यात रस्त्याची रेघ आणि गट नंबर असतात. तो दाखवतातच. दुसरा उभा छेद, म्हणजे आत्ताची जमीन कुठे आणि नवा रस्ता तिच्यापेक्षा किती वर किंवा किती खाली. हा सहसा कुणी मागत नाही आणि गावाचं सगळं नशीब त्यातच असतं. रस्ता भरावावर उंच जात असेल तर खालून अंडरपास सहज बसतो. जमिनीला समतल जात असेल तर अंडरपाससाठी रस्ताच उचलावा लागतो, खर्च वाढतो, म्हणून टाळाटाळ होते. डोंगर कापून खोल जात असेल तर वरून पूल मागायचा. जी जागा मागाल ती चेनेजने, म्हणजे रस्त्यावरच्या अंतराच्या आकड्याने, मागा. "शाळेजवळ" असं लिहू नका. नकाशावर ४१+६०० असे आकडे असतात, म्हणजे ४१ किलोमीटर ६०० मीटर. अर्जात तो आकडा असला की आराखडा करणाऱ्याला तो बाजूला सारता येत नाही.

एक फसगत हमखास होते, तेवढी सांभाळा. पऱ्याची, म्हणजे ओढ्याची, मोरी दाखवून "इथून माणसं-गुरं जातील" असं सांगतात. मोरी पाण्यासाठी असते. मे महिन्यात तिच्यातून जाता येतं, जुलैत पोरगं वाहून जाईल. अंडरपास वेगळा मागा, त्याचा तळ पऱ्याच्या पाण्याच्या वर ठेवा म्हणावं, आणि आत साचलेलं पाणी कुठे काढणार तेही विचारा.

मोरीचा आकार पावसाच्या आकड्यांवरून काढतात, पण पुराची सर्वांत उंच खूण कुठली हे गावालाच विचारावं लागतं. सर्वेक्षणाला आम्ही जायचो तेव्हा म्हाताऱ्या माणसांना धरून न्यायचो. तुमच्याकडेही कुणी आजोबा असतील, "त्या साली पाणी या फणसाच्या बुंध्याला लागलं होतं" असं सांगणारे. त्यांना मंगळवारी घेऊन जा. झाडावर चुन्याने खूण करा, फोटो काढा.

नळपाण्याची पाइपलाइन रस्त्याखालून जाते का? मग भरावाखाली मोठा पाइप आधीच टाकून ठेवा अशी मागणी लेखी करा. पुढे लाइन फुटली की चौपदरी रस्ता खोदायला कुणी परवानगी देत नाही. आणि एसटीचा थांबा नव्या नकाशात अंडरपासच्या तोंडाशी हवा. अर्धा किलोमीटर लांब गेला तर माणसं दुभाजकावरून उड्या मारतात. मी ते पाहिलंय आणि पंचनामेही पाहिलेत.

तळकोकणातला

आमचं गाव सिंधुदुर्गात ६६ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर. आमच्याकडे आधी कुणी उभा छेद मागितला नाही. काम सुरू झाल्यावर रस्ता घरांच्या ओट्यांच्या वर आला तेव्हा गाव धावलं. साइटवरचा इंजिनीअर चांगला होता, पण त्याने सांगितलं की हे आता माझ्या कामाच्या यादीत नाही, वरून मंजूर करून आणा. अर्ज फिरत राहिले. तोवर काँक्रीट झालं. माझ्या चुलत्यांची बाग रस्त्यापलीकडे दोनशे पावलांवर आहे. आज आंबा काढायचा तर टेम्पो दुभाजकातल्या पुढच्या कटपर्यंत न्यायचा नि वळवून परत आणायचा.

देवाचं म्हणाल तर पालखीचा मार्ग हा गावाचा रिवाज आहे, तो अर्जात वेगळा मुद्दा करून लिहा. अंडरपासची उंची सांगताना पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात ती उंची आणि वर निशाणाच्या काठीची उंची मोजून लिहा. आम्ही ती मोजली नव्हती. आता निशाण आडवं करून न्यावं लागतं आणि दरवर्षी त्या जागी जुनी माणसं डोळे पुसतात.

तालुका कोर्टात काम करणारी

कायद्याचं तेवढं सांगते. पेपरात आली ती बहुधा राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ च्या कलम ३अ ची अधिसूचना, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी. तिच्यावर हरकत घ्यायची मुदत २१ दिवस, आणि ती राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या तारखेपासून मोजतात. पेपरातली जाहिरात त्यानंतर येते, त्यामुळे तुमचे काही दिवस आधीच गेलेले असू शकतात. राजपत्राची तारीख आजच बघा.

हरकत लेखी हवी, कारणांसह, सक्षम प्राधिकाऱ्याकडे. आपल्याकडे हे बहुतेक प्रांतसाहेब असतात. हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, स्वतः किंवा वकिलामार्फत. पण हा हक्क ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्याचाच. अंगणवाडी सेविका म्हणून तुमची हरकत टिकणार नाही, सामाईक गटातली हिस्सेदार म्हणून टिकेल. सातबाऱ्यावर तुमचं स्वतःचं नाव नसेल तर घरात ज्यांचं आहे त्यांची सही घ्या. २६ जणांच्या सह्या जमवत बसू नका. एका हिस्सेदाराने दिली तरी चालते, मुंबईकरांचं नंतर जोडा. गाडीवाट किंवा अंगणवाडीची जागा पंचायतीची असेल तर पंचायतीने वेगळी हरकत द्यावी.

या टप्प्यावर मोबदल्याचं लिहून अर्ज भरू नका. ३अ नंतर एका वर्षाच्या आत कलम ३ड ची, म्हणजे संपादनाची, घोषणा व्हावी लागते, नाहीतर पहिली अधिसूचना गळून पडते. ३ड झालं की जमीन केंद्र सरकारची. मोबदला ३ग खाली ठरतो, त्याची वेगळी नोटीस येते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातलं १०० टक्के दिलासा रक्कम वगैरे महामार्गाच्या जमिनींनाही लागू आहे. रक्कम पटली नाही तर लवादाकडे जाता येतं. जागा का आणि कशी घेताय, हे बोलायची वेळ मात्र फक्त आत्ताची आहे.

प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

रुग्णवाहिका चालवतो

सगळे अडचणी सांगताहेत म्हणून लिहितो. हा रस्ता लवकर व्हायला हवा. मी बाळंतिणींना, सापाच्या केसेसना घेऊन याच दुपदरी रस्त्यावरून रात्री धावतो. पुढे ऊस किंवा चिऱ्याचा ट्रक असला की वळणावर ओव्हरटेक करायचं धाडस होत नाही, आणि मागे बाईचं ओरडणं ऐकू येत असतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीचा इंग्रजांच्या काळातला पूल गेला, दोन एसटी गाड्या गेल्या. जुना रस्ता तसाच ठेवला तर काय होतं ते आपण पाहिलंय. त्यामुळे ताई, काम थांबेल असं काही करू नका. आणि गावापाशी दुभाजकात मोकळी जागा मागून घ्या, म्हणजे माझी गाडी वळेल.

निवृत्त शाखा अभियंता

दादा, तुमचं काम मोठं आहे, पण दुभाजकातली मोकळी जागा गावासमोर मागू नका. चौपदरी रस्त्यावर गाड्या ज्या वेगाने येतात त्यात तीच जागा जीवघेणी ठरते. दुचाकीवाला वळायला मध्ये थांबतो आणि मागून बस येते. त्याऐवजी अंडरपास हलकी वाहनं जातील एवढा मोठा मागा आणि दोन्ही बाजूंना सेवा रस्ता. तुमची रुग्णवाहिका खालून पलीकडे जाईल.

ताई, आणखी एक. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर उभं राहून किती माणसं ओलांडतात ते मोजा. वहीत वेळ घालून लिहा. गावाने स्वतः मोजलेला आकडा घेऊन कुणी आलं, तर आम्हालाही वरच्या साहेबांपुढे बोलायला बळ यायचं.

वाडीतली सेविका

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. राजपत्राची तारीख बघितली, माझे सहा दिवस गेले होते. सातबाऱ्यावर यजमानांचं नाव आहे, त्यांच्या सहीने हरकत तयार केली.

गुरुवार-शुक्रवार मी आणि मदतनीस एसटी थांब्यावर वही घेऊन उभ्या राहिलो. सकाळी सात ते दहात गुरुवारी २१४ माणसं ओलांडली, शुक्रवारी १९८. त्यात शाळेची पोरं दोन्ही दिवस ६० च्या वर. गुरं ४३. डोक्यावर हंडा किंवा भारा घेतलेल्या बाया मी वेगळ्या मोजल्या, कारण त्यांना मान वळवून गाडी बघता येत नाही. त्या ३१ निघाल्या. इतकी वर्षं मीही त्यांच्यातली एक आहे, पण हे कधी मनात आलं नव्हतं.

पालखी आणि निशाण देवळात जाऊन मानकऱ्यांसमोर मोजलं. सासूबाईंनी आधी नारळ ठेवायला लावला.

वाडीतली सेविका

कालची बैठक झाली, ते लिहिते.

पहिला पाऊण तास मोबदलाच चालला. माणसं चिडली होती, त्यांचंही चुकत नाही, ज्याची आंब्याची कलमं जातात त्याला दुसरं काय सुचणार. मग मी उठले आणि उभा छेद मागितला. आलेल्यांतला एक तरुण इंजिनीअर जरा चमकला, पण त्याने लॅपटॉपवर लगेच उघडून दाखवला. सहाणेपाशी रस्ता सव्वा मीटर वर येतोय. अंडरपास तिथे नाही, ९०० मीटर पुढे आहे, जिथे कुणाचीच वाडी नाही. का, तर तिथे भराव आपोआपच उंच आहे म्हणून.

मी वही पुढे केली. त्याने आकडे नीट वाचले, बायांचा आकडा दोनदा विचारला आणि पानांचे फोटो घेतले. आमच्या शेजारचे ८१ वर्षांचे आजोबा आले होते. त्यांनी पऱ्याचं पाणी कुठवर येतं ते सांगितलं, मग सगळे उठून तिथे गेलो. चुन्याची खूण नकाशातल्या पाण्याच्या रेषेपेक्षा वर निघाली. मोरी पुन्हा तपासतो, असं तो म्हणाला. अंडरपासबद्दल कबूल काही केलं नाही. रस्ता उचलायचा तर दोन्हीकडे लांबवर चढ द्यावा लागेल, जागाही जास्त जाईल, असं त्याने सरळ सांगितलं. म्हणजे आमच्याच गावातल्या आणखी काही घरांची अंगणं जातील. हे ऐकून सभा गप्प झाली. वरच्या वाडीतल्या दोघांनी तिथेच सांगितलं, आमची जागा गेली तरी चालेल, पोरांना खालून वाट करा. बाकीचे अजून काही बोललेले नाहीत.

नकाशाच्या कागदी प्रतीवर सहाणेच्या चेनेजला त्याने पेन्सिलने गोल केला आणि बाजूला "पालखी" असं लिहिलं. मी इतिवृत्ताची प्रत मागितली, तो म्हणाला वरिष्ठांना विचारून पाठवतो. हरकत आज प्रांत कार्यालयात दिली, शिक्का आणि आवक नंबर घेतला. पंचायतीची वेगळी हरकत सरपंच उद्या देणार आहेत, मी बरोबर जातेय. येत्या ग्रामसभेत ठरावही घेतोय.

आता दोन गोष्टी विचारते. इतिवृत्त आठवड्यात आलं नाही तर माहिती अधिकारात मागू, की आधी साधं पत्र देऊ? आणि अभियंता काका, रस्ता सव्वा मीटरवरून किती उचलला तर हलकं वाहन आणि निशाण दोन्ही जाईल? निशाणाची काठी पावणेचार मीटर भरली आहे.