मदत हवी आहे : सकाळी बोटं आखडतात, झीज की संधिवात?

निशिगंध : आईची बोटं सकाळी पार आखडलेली असतात. आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल, एक्स-रेही ठीक. डॉक्टर म्हणाले वयोमानाने झीज आहे, दुखेल तेव्हा गोळी घ्या. गोळी घेतली की बरं वाटतं, सोडली की पुन्हा तेच. ही खरंच झीज आहे का, एवढंच सांगा. 'डॉक्टरांना विचारा' असं कृपया कोणी लिहू नका, विचारून झालंय.

काजवा : वय? कोणती बोटं? एका हाताची की दोन्ही? सूज आहे का? एवढ्याशा माहितीवर कोण काय सांगणार?

पाऊलवाट : माझ्या गुडघ्यांचं असंच होतं. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडीचा स्नायू घट्ट आवळून दहापर्यंत मोजायचं, मग खाली. रोज करा. आता जिने चढते मी.

निशिगंध : अहो, बोटांचं विचारलंय, गुडघ्यांचं नाही.

मारवा : मला स्वतःला ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे दाहाचा संधिवात आहे, म्हणून एकच विचारते. उठल्यापासून बोटं मोकळी व्हायला आईंना किती वेळ लागतो? झीजेतही सकाळी आखडतं, पण पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात सुटतं. बराच वेळ बसून उठलं तरी थोडं धरतं आणि चार पावलं टाकली की जातं. दुखणं मात्र वापराने वाढतं, म्हणून संध्याकाळ वाईट. दाहाचा संधिवात याच्या उलट. विश्रांतीत जखडतं, हालचालीने सैल होतं, आणि सैल व्हायला तासभर किंवा त्याहून जास्त लागतो.

निशिगंध : तासभर कसला! सहाला उठते, आठ वाजले तरी मूठ वळत नाही. टूथपेस्टचं झाकण दातांनी काढते. दोन्ही हात, मनगटंसुद्धा. दीड-दोन महिने झाले. वय ५२. आणि सूज आहेच की, सांधा दुखतो म्हटल्यावर ती वेगळी काय लिहायची?

काजवा : ती वेगळीच लिहायची! नेमकी कुठे आहे? हाताला कशी लागते?

निशिगंध : बोटांच्या मुळाशी. मूठ वळवली की उंचवट्यांच्या मधे खोबणी दिसतात ना, त्या बुजल्यात. दाबलं तर मऊ लागतं, आणि आई हात ओढून घेते. दुपारपर्यंत बरीच उतरते.

मारवा : मग मला हे झीजेचं वाटत नाही. हाताची झीज बहुतेक नखाजवळच्या सांध्यांत, मधल्या पेरांत नाहीतर अंगठ्याच्या मुळाशी असते आणि तिथल्या गाठी हाडासारख्या टणक लागतात. बोटांची मुळं आणि मनगटं, तीही दोन्हीकडची, मऊ सुजलेली, हे ऱ्हुमॅटॉइडचं नेहमीचं ठिकाण.

परखड : आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे हे वाचलं नाही का? उगाच घाबरवताय. शिवाय ऱ्हुमॅटॉइड ठरवायच्या २०१० च्या निकषांतून सकाळचं आखडणं काढूनच टाकलंय.

तळटीप : मी लॅबमध्ये काम करतो. ऱ्हुमॅटॉइड असलेल्या साधारण चार-पाच जणांमागे एकाचा आरए फॅक्टर निगेटिव्ह येतो. उलट धडधाकट म्हाताऱ्या माणसांत किंवा हिपॅटायटिस सी असताना तो पॉझिटिव्ह दिसू शकतो. अँटी-सीसीपी ही दुसरी रक्ततपासणी जास्त नेमकी, पण तीही निगेटिव्ह असू शकते. ईएसआर, सीआरपी (रक्तातून दाह कळतो त्या तपासण्या) केलंय का? आणि सुरुवातीला एक्स-रे अनेकदा स्वच्छच असतो.

निकषांचं म्हणाल, तर १९८७ च्या यादीत किमान तासभर आखडणं होतं. २०१० मध्ये सुजलेले-दुखरे सांधे, रक्ततपासण्या आणि ६ आठवड्यांचा कालावधी यांना गुण दिले. आखडणं इतर आजारांतही असतं, त्यामुळे एकट्या त्यावर निदान होत नाही. पण म्हणून पेशंटला ते विचारायचंच नाही?

ओंजळ : आधी ताप येऊन गेला होता का? चिकुनगुनियानंतर माझे हात कितीतरी महिने असेच होते. घरात कुणाला सोरायसिस?

निशिगंध : ताप नाही, सोरायसिस नाही. ईएसआर, सीआरपी केलेलं नाही. पण हे सकाळीच का होतं?

मारवा : दाह वाढवणारी रसायनं, मुख्यतः इंटरल्युकिन-६, पहाटे सर्वात जास्त असतात. त्यांना आवरणारं कॉर्टिसोल रात्री कमी असतं. शिवाय रात्रभर हालचाल नसल्याने सांध्याच्या सुजलेल्या अस्तरात पाणी साचतं.

परखड : आणि शेवटी मेथोट्रेक्सेट देतील, कॅन्सरचं औषध. आईला ते देऊ नका एवढंच सांगतो.

मारवा : कॅन्सरमध्ये डोस कितीतरी मोठा असतो. इथे तो लहान, आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक ॲसिड आणि वेळोवेळी रक्त तपासणी. तीच गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, भीती घालायची तर त्याची घाला. औषध लांबवलं तर हाड खाल्लं जातं आणि ते भरून येत नाही.

काजवा : निशिगंध, आईंना बीपी आहे का?

निशिगंध : आहे, गोळी चालू आहे. का?

काजवा : वेदनाशामकांनी बीपी चढतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. बीपीच्या काही गोळ्यांसोबत जास्तच. रोज घेत असतील तर हे आजच डॉक्टरांच्या कानावर घाला.

मारवा : आणि या वेळी थेट ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाततज्ज्ञाकडे) न्या. उठल्या उठल्या दोन्ही हातांचे फोटो काढून ठेवा, वळत नसलेल्या मुठीचाही. दुपारच्या अपॉइंटमेंटला सूज उतरलेली असते आणि मग डॉक्टरांना हात ठीकच दिसतो. तपासणीआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइड देऊ नका, खूण दबते.

निशिगंध : उद्या सकाळीच फोटो काढते. नंबर लावलाय. रिपोर्ट आले की इथेच लिहीन.

पाऊलवाट : माझं एक बोट सकाळी वाकलेलंच अडकतं, ओढलं की टक् करून सुटतं. हाही संधिवातच का?

तळटीप : तो ट्रिगर फिंगर वाटतो, त्यात सांधा नाही, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) अडकते. वेगळा धागा काढा, मधुमेह आहे का तेही लिहा.