पेपाल मोठी झाली ती पैसे वाटून की चोर ओळखून?

सराफाकर (इंदूर):
गेल्या रविवारी रामबागेत चहाच्या वेळी असे मत पडले की, इंटरनेटवरून पैसे पाठवण्याची सोय देणारी पेपाल कंपनी मोठी झाली ती केवळ ग्राहकांना पैसे वाटून. बँकेत तीस वर्षे धनादेश पडताळण्यात गेल्यामुळे मला हे मान्य होत नाही.

मॅक्स लेवचिन, पीटर थील आणि ल्यूक नोसेक यांनी डिसेंबर 1998 मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली. तिची मूळ कल्पना पाम पायलट या हातात मावणाऱ्या दोन यंत्रांमध्ये इन्फ्रारेड किरणांनी पैसे पाठवण्याची होती. जुलै 1999 मध्ये वुडसाइडच्या एका उपाहारगृहात गुंतवणूकदारांचे 30 लाख डॉलर थील यांच्या यंत्रावर तसे पाठवूनही दाखवले गेले. ती कल्पना टिकली नाही. जोडीला ठेवलेली ई-मेलने पैसे पाठवण्याची सोय मात्र ईबे या संकेतस्थळावरच्या लिलावात वस्तू विकणाऱ्यांनी उचलून धरली.

त्यामागोमाग भामटे आले. चोरीच्या कार्डाने पैसे भरायचे, ते काढून पसार व्हायचे; पुढे मूळ कार्डधारकाने तक्रार केली की बँक रक्कम परत घेणार आणि भुर्दंड कंपनीवर पडणार. यावर लेवचिन यांच्या चमूने ‘इगोर’ नावाची प्रणाली बांधली, जी संशयास्पद व्यवहारांचे धागे जुळवून तपासनिसापुढे मांडत असे. यंत्राला वाचता येऊ नयेत अशी वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहिण्याची परीक्षाही या कंपनीने फार लवकर वापरात आणली. आपल्या सराफ्यातल्या पेढ्यांना हे नवे वाटले नसते. ‘शहाजोग’ नावाच्या हुंडीचे (पैसे देण्याच्या सराफी चिठ्ठीचे) पैसे बाजारात पत असलेल्या सावकारालाच मिळत, आणि हुंडी खोटी निघाली तर ते त्याच्याकडून वसूल करता येत. पैसे पाठवणे सोपेच असते. ते कोणाच्या हाती पडतात हे कळणे अवघड, आणि पेपालने ते साधले.

वाणिज्याच्या बाई (इंदूर):
सराफाकर, आपण क्रम उलटा लावत आहात, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. तिजोरी भरल्यावरच चोर येतात, आणि ती कशी भरली हा मूळ प्रश्न आहे. नव्या खातेदाराला 10 डॉलर आणि त्याला आणणाऱ्याला 10 डॉलर अशी ती खिरापत होती. मार्च 2000 मध्ये इलॉन मस्क यांच्या एक्स.कॉम या इंटरनेटवरच्या बँकसेवेच्या कंपनीत ही कंपनी विलीन झाली आणि त्याच महिन्यात 10 कोटी डॉलरचे भांडवल उभे राहिले. अमेरिकेचा तंत्रज्ञान-शेअरांचा निर्देशांक 10 मार्चला शिखरावर होता, नंतर कोसळत गेला. ती रक्कम दोन महिने उशिरा मागितली असती तर मिळाली असती का? तसे झाले असते तर इगोर बांधायला कंपनीच उरली नसती.

शिवाय ईबेजवळ पैसे चुकते करण्याची बिलपॉइंट ही स्वतःची सेवा होती आणि तिच्या पाठीशी वेल्स फार्गोसारखी बँक होती. तरीही विक्रेते पेपाल सोडेनात, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांची खाती पेपालवर होती.

सराफाकर:
बाई, भांडवलाच्या वेळेचा मुद्दा मी मान्य करतो. परंतु एक्स.कॉमचेच उदाहरण घ्या. तिथे सुरुवातीला केवळ खाते क्रमांक आणि बँकेचा संकेतांक ठाऊक असला तरी दुसऱ्याच्या बँक खात्यातून पैसे ओढता येत होते, आणि जानेवारी 2000 मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली. तिथेच काम करणारे संजय भार्गव यांनी सुचवलेला उपाय पाहा: ग्राहकाने दिलेल्या खात्यात काही सेंटच्या दोन रकमा जमा करायच्या आणि त्या नेमक्या किती हे त्याला विचारायचे. पासबुक ज्याचे असेल तोच उत्तर देणार. दहा डॉलर वाटणारे पुष्कळ निघाले असते. असा उपाय सुचायला बँकेचे काम अंगात मुरलेले असावे लागते.

माहेश्वरीवाली (इंदूर):
काका, तुमचे म्हणणे पटते, पण या पडताळणीची किंमत कोण मोजते तेही लिहायला हवे. मी घरून माहेश्वरी साड्या विकते. मागच्या दिवाळीत एका पेमेंट कंपनीने माझे 11,400 रुपये एकोणीस दिवस अडकवून ठेवले. पुण्याच्या गिऱ्हाइकाची साडी पार्सल बांधून टेबलावर पडली होती, विणकराचे पैसे द्यायचे होते आणि मला मात्र ‘आपले खाते तपासणीखाली आहे’ एवढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होते. पेपालचा इतिहासही याला अपवाद नाही. खाती गोठवल्याबद्दल 2002 मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांनी तिच्यावर खटला भरला होता. चोर ओळखण्याच्या कौशल्याचे कौतुक करताना चोर समजले गेलेले प्रामाणिक लोक हिशेबात धरायला नकोत का?

वाणिज्याच्या बाई:
ताईंच्या अनुभवातून माझाच मुद्दा पुढे जातो. इतका त्रास होऊनही विक्रेते तिथेच राहिले, कारण गिऱ्हाईक तिथे होते. ऑक्टोबर 2002 मध्ये ईबेने सुमारे दीड अब्ज डॉलरच्या सौद्यात पेपाल घेतली आणि बिलपॉइंट बंद केली. केवळ प्रणालीच हवी असती तर चार हुशार अभियंते नेमून भागले असते.

सराफाकर:
चार अभियंत्यांनी ते भागले असते असे मला अजूनही वाटत नाही, कारण चोरांच्या सवयी खुद्द चोरांकडून शिकाव्या लागतात आणि ते शिक्षण पेपालने स्वतःचे पैसे बुडवून घेतले होते. ताईंच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. आमच्या शाखेत थांबवलेल्या प्रत्येक धनादेशाची नोंद एका लाल कापडी बांधणीच्या वहीत होई; समोर कारण, खाली थांबवणाऱ्याची सही. खातेदार आला की ती वही त्याच्यापुढे उघडावीच लागे. इगोर जे दाखवी ते तपासनिसाला दिसे, विक्रेत्याला नव्हे.